हातचा एक

ताईची पाठ वळली तशी वहिनीने सळईवरचा शिशाचा मणी हळूच वर सरकवला. हौदातलं नावेचं हातभर लांबीचं लाकडी मॉडेल जरासं हललं, सरळ झालं आणि काही घडलंच नाही अशा थाटात तरंगत राहिलं. तिने बोटाने त्याची कड दाबून पाहिली. बोट काढताच ते पुन्हा जागेवर आलं. वहिनीला हायसं वाटलं आणि थोडं अपराधीही, कारण मणी वर सरकवायचा नाही असं ठरलं होतं.

मणी म्हणजे अण्णा; ताईचे वडील आणि वहिनीचे सासरे. मॉडेलच्या मधोमध एक सळई उभी होती. मणी तिच्या तळाशी असला की अण्णा नावेत बसलेले, वर सरकवला की उभे राहिलेले.

नणंद-भावजयींचं काम असं वाटलेलं होतं. पुढच्या खोलीत ताई संगणकावर नावेचा आकार काढायची, त्यात वजन टाकून नाव किती बुडेल, किती कलेल ते बघायची आणि मग तिचे आडवे छेद कागदावर छापून द्यायची. वहिनी त्यांवरून पुठ्ठ्याचे साचे कापायची, लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवायची आणि साचा अंगाला चपखल बसेपर्यंत रंधा मारायची. मग ते मॉडेल हौदात सोडायचं. संगणकाचा पडदा खोटं बोलत नाही, पण तो पाण्यात भिजतही नाही, असं ताईचंच म्हणणं. मॉडेल पसंत पडलं की मागच्या शेडमध्ये वहिनीचा नवरा खरी नाव बांधायला घ्यायचा. त्याला घरात सगळे धाकटा म्हणत, वहिनीसुद्धा, अर्थात त्याच्या पाठीमागे.

या वेळची नाव गिऱ्हाइकाची नव्हती. अण्णांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि जन्मभर पहाटे तळ्यावर एकट्याने नाव वल्हवत मासे धरले. धरले म्हणजे धरायला गेले. गळ टाकायचे ते नेहमी उभ्याने. बसून गळ टाकणाऱ्याला मासे हसतात, असं ते म्हणत. गेल्या वर्षी कानाचं काहीतरी बिघडलं, चक्कर यायला लागली आणि एका सकाळी ते नावेतून सरळ पाण्यात गेले. काठावरच्या कुणीतरी ओढून काढलं म्हणून निभावलं. जुनी नाव देऊन टाकली. तेव्हापासून ते खिडकीशी बसून गळाच्या काठीला तेल लावत. कुरकुर अजिबात नाही. एकदा तरी भांडले असते तर बरं झालं असतं, असं ताईला वाटायचं. तिला ते बघवेना. शेवटी तिनेच सांगितलं की नवी नाव करते, पण तिच्यात बसायचं आणि अंगात तरंगायचं जाकीट घालायचं. अण्णांनी शब्द दिला. त्या शब्दावर घरात कुणाचाही विश्वास नव्हता, पण वडीलधाऱ्या माणसाला तसं तोंडावर सांगणार कोण?

ताई वजनाचे तुकडे घेऊन परत आली आणि हौदाशी थबकली.

"मणी वर कसा?"

"सरकला असेल."

"खाली सरकतो, वहिनी. आपणहून वर गेलेला मी अजून पाहिला नाही."

ताईने खाली वाकून मॉडेलकडे बघितलं. एवढ्या उंचीवर वजन असताना ते थोडं तरी कलायला हवं होतं. तिने ते पाण्यातून उचललं, पुसलं आणि पुठ्ठ्याचा साचा लावून पाहिला. साचा बसेना. पोटाशी लाकूड सगळीकडे बोटभर जास्त होतं.

मग वहिनीने कबूल केलं की रंधा जरा हलक्या हाताने फिरवला होता. अण्णा बसतील असं धरून ताईंनी आकार काढला, ठीक आहे, पण ते उभे राहणार हे काय वहिनीला कळत नाही? म्हणून अंग थोडं रुंद ठेवलं. ताई चिडली. मॉडेल म्हणजे पाण्याला विचारलेला प्रश्न असतो, ती म्हणाली. उत्तर आधीच कोरून ठेवलंस तर पाण्याला विचारायचं काय? बोलता बोलता तिचा आवाज उतरला. तिने वहिनीला हात धरून संगणकापाशी नेलं. पडद्यावर अण्णांच्या वजनाचा लाल ठिपका होता. तो बसलेल्या माणसाच्या पोटाशी असायला हवा होता. होता उभ्या माणसाच्या छातीशी.

"म्हणजे तुम्हीपण?" वहिनी म्हणाली.

"मी त्यांची मुलगी आहे. मला माहीत नाही का ते कसे आहेत?"

दोघींना एकदमच हसू फुटलं. तेवढ्यात अण्णा भिंतीला हात लावत लावत आले. हौदाच्या कडेवर ठेवलेलं ते ऐसपैस मॉडेल त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मला एकट्याला जायचंय," ते म्हणाले, "सगळ्या आळीला न्यायचं नाही."

काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. गणितात हातचा एकदाच मिळवायचा असतो, दोघींनी दोनदा मिळवला तर उत्तर फुगणारच, एवढं बोलून ते आत गेले. ते उभे राहतात की बसतात याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण ताई विचारात पडली. एवढं रुंद धूड वल्हवायचं तर तरुण खांदे हवेत. अण्णांना ते काठापासून लांब नेता आलं नसतं. दोनचार दिवस दमले असते आणि परत खिडकीशी येऊन बसले असते. मग नाव केली काय आणि न केली काय.

तेव्हा दोघींनी ठरवलं की हातचा एकच ठेवायचा. कुणी ठेवायचा, हे बोलायचं मात्र राहून गेलं. ताईने मनाशी धरलं की वहिनीचा रंधा हलकाच फिरणार, ती लाकूड राखणारच. तिने लाल ठिपका खाली पोटाशी आणला. वहिनीला ते प्रश्न-उत्तराचं बोलणं चांगलंच झोंबलं होतं. या वेळी तिने साचा केसभरही हलणार नाही इतकं चोख मॉडेल उतरवलं.

नवं मॉडेल हौदात सोडलं तेव्हा अण्णा मुद्दाम खुर्ची टाकून बसले होते. शेडमधून हात पुसत धाकटाही आला. मणी तळाशी होता. ताईने दोरीने ओढताच मॉडेल असं काही निघालं की मागे पाणी जेमतेम दुमडलं. धाकट्याने हलकीशी शीळ घातली. वहिनीच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. इतकी देखणी वस्तू तिच्या हातून बऱ्याच दिवसांत उतरली नव्हती.

मग ताईने मणी वर सरकवला. मॉडेल एका अंगाला झुकलं, तसंच क्षणभर थांबलं, आणि उलटलं.

"तू ठेवलं होतंस ना लाकूड?" ताईने विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही ठिपका वरच ठेवलाय."

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," धाकटा म्हणाला. बायको आणि बहीण दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो रंगाचा डबा उघडा राहिल्याचं सांगून शेडमध्ये गेला.

ताई खट्टू होऊन दोरी गुंडाळू लागली. पुन्हा थर चिकटवणं आलं, पुन्हा रंधा, आणि अण्णांचं खिडकीशी बसणं आणखी लांबलं. पण अण्णा खुर्चीतून उठले. बाही वर करून त्यांनी मॉडेल पाण्यातून काढलं, आतलं पाणी ओतलं आणि मणी खाली करून ते पुन्हा सोडलं. मग मणी थोडाच वर घेतला. मॉडेल लगेच एका बाजूला झुकलं. खाली केला, तसं सरळ झालं. असं त्यांनी बरेचदा केलं, वर्गात एखाद्या मुलाला तेच गणित पुन्हा पुन्हा घालावं तसं.

"हीच करा," ते म्हणाले.

"अण्णा, ही उलटते."

"उभं राहिलं तर." त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला. "त्या पहिलीत मी उभा राहिलो असतो. तुम्ही दोघींनी धरलं होतं ते बरोबरच होतं. पाण्यावर गेल्यावर मला कसला शब्द आठवतोय? आणि ती काही बोलली नसती, मला उभं राहू दिलं असतं तिने, चक्कर येईपर्यंत. ही नुसता उठायला लागलो तरी हलून सांगेल."

वडिलांनी आपण म्हातारे झालो हे एवढ्या साध्या शब्दांत आजवर कधी कबूल केलं नव्हतं. ताईला वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतकं मोकळं वाटलं की तिने उगाचच हौदाचा नळ घट्ट केला. तो घट्टच होता.

"म्हणजे आता बसून गळ टाकणार?" वहिनीने धीर करून विचारलं.

"टाकेन. हसू देत मासे." अण्णा भिंतीला हात लावून आत निघाले आणि दाराशी थांबले. "फक्त बसायची फळी जरा रुंद करा. आता बराच वेळ बसायचंय."

अण्णा आत गेले. हौदातली नाव कडेला येऊन लागली होती.

"फळी मी वाढवते," ताई म्हणाली. "तू काही वाढवू नकोस."

"नाही वाढवत. मी उशी शिवते."

"शिव," ताई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत संगणकाकडे गेली.