सरावाची खुर्ची

मी एक खुर्ची. नाव ऐकून लगेच सावरून बसू नका. जिच्यासाठी भांडणं होतात, ती मी नव्हे. माझ्यावर बसायचं म्हटलं की लोक आधी दाराकडे बघतात.

माझी उमेदीची वर्षं एका प्रयोगशाळेत गेली. हातावरचा पांढरा डाग तिथल्या सांडलेल्या आम्लाचा. ती प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी मला उचलून आणलं. नवख्या शास्त्रज्ञांना नोकरीची वाट दाखवायची, जाणत्यांशी त्यांच्या गाठी घालून द्यायच्या, यासाठी त्यांनी दोन खोल्यांत संस्था काढली होती. सगळे त्यांना ताई म्हणतात. शनिवारी इथे मुलाखतीचा सराव चालतो आणि उमेदवाराला माझ्यावर बसवतात. डॉक्टरेट झालेली माणसंसुद्धा माझे हात असे गच्च धरतात, जणू बुडताहेत.

बुरशीवाली तशीच आली. मातीतल्या बुरशीवर तिचं काम, म्हणून हे नाव. हुशार, पण चारचौघांत तोंडाला कुलूप. कंत्राटाची मुदत संपत आलेली.

"ओळखी काढत फिरणं मला जमत नाही, ताई. लाचारी वाटते."

"रस्ता चुकलीस तर कुणाला विचारतेस ना? ती काय लाचारी असते?"

ताईंनी तिची गाठ तिच्यासारख्याच नोकरी शोधणाऱ्या माशीवाल्याशी घालून दिली. तो फळमाश्यांवर संशोधन करायचा. बोलायला लागला की ऐकत राहावं, पण मुद्दा सापडायचा नाही. तो तिला बोलतं करायचा, ती त्याला मुद्द्यावर आणायची. दोघांच्या हसण्याने खोली भरून जायची.

मग दोघांनाही एकाच जागेसाठी बोलावणं आलं.

"मी अर्ज मागे घेऊ का?" त्याने विचारलं.

"वेडा आहेस का? बस. तुझ्या निष्कर्षाला दुसरंही कारण असू शकतं, असं ते म्हणणार. तिथेच तू गडबडतोस."

तिने ते उत्तर त्याच्याकडून घोटून घेतलं.

जागा त्याला मिळाली. तो सांगायला आला, पण दारातच घुटमळला. "तोच प्रश्न विचारला गं. तू सांगितलेलंच बोललो."

"अभिनंदन," ती म्हणाली आणि माझ्यावर बसली. तिने माझे हात पुन्हा गच्च धरले. ते फक्त मला कळलं.

"तिथे तुझ्यासाठी नक्की शब्द टाकेन," असं म्हणून तो गेला. पुन्हा फिरकला नाही.

"गरज सरो, वैद्य मरो," ताई एकदा चिडून म्हणाल्या.

"नवं काम आहे, वेळ मिळत नसेल," बुरशीवाली म्हणाली. मग तिनेच हळूच विचारलं, "ताई, मी ते सांगितलंच नसतं तर?"

सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या ताईंनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

आता तिचं कंत्राट संपलंय. मनासारखं काम अजून मिळालेलं नाही. तरी शनिवारी ती येते, माझ्यासमोर बसून नवख्यांचा सराव घेते. एखादा अडखळला की जीव तोडून समजावते. तो निवडला गेल्याची बातमी आली की हसते, आणि मग बराच वेळ कप विसळत राहते.

माझा एक पाय डगमगतो. त्याचं काही नाही. पण तुमच्यापैकी कुणी माझ्यावरून उठून खऱ्या खुर्चीत जाऊन बसलं असेल, तर एखाद्या शनिवारी परत या. माझ्यावर नका बसू, समोर बसा. तेवढा वेळ तिला माझ्यावर बसून स्वतःचा सराव करता येईल.