दोन हात वाट

धान कापायच्या आठ दिवस आधी, बांध घातलेल्या बांधीतला चिखल ओला होता तेव्हाच, रुख्माबाईनं उभ्या धानात जवस फेकला होता. धान घरी आलं आणि कापलेल्या खुंटांमधून सुतासारखी बारीक हिरवी रोपं वर आली. सेलूकडच्या त्या शिवारात आता असं कोणी करत नाही. धान निघालं की बांध्या पडीक, आणि पडीक बांध्यांत साऱ्या गावाची ढोरं मोकळी. जिकडंतिकडं करडं रान, त्यात एकटी तिची बांधी हिरवी.

ढोरं जवसाला फारसं तोंड लावत नाहीत; पण खुरांना काय कळतं? गावची ढोरं पुनाजी राखायचा, आणि नाल्यावर पाण्याला जायची त्याची वाट तिच्याच बांधीतून होती. तिनं आडवं येऊन सांगितलं, यंदा इथून नाही.

"वहिनी, एका बांधीसाठी साऱ्या ढोरायले फेरा घालू?"

"घाल. तुले कोण्या हापिसात हजेरी लावायची हाये?"

पुनाजी हसला. मग रोजचंच झालं. तो बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर टेकायचा, तंबाखू मळायचा, हुज्जत घालायचा. नवरा अण्णाजी जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगा कैलास नागपूरला. रविवारी फोन करायचा आणि बांधी पडू दे म्हणायचा. दिवसभरात तिचं बोलणं व्हायचं ते या भांडणापुरतंच. पण बोलता बोलता एखादं वासरू आत घुसायचं, कोपरा लोळवून जायचं. शेवटी तिनं चार दिवस बोरीच्या काट्या तोडल्या आणि बांधी चहूकडून बंद केली. पुनाजीनं बघितलं. ढोरं टेकडीकडून वळवली.

पौषात जवस फुलला. सकाळी निळी फुलं उघडायची, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. पाहायला कोणी नाही. तिनं एक ओवी धरली,

*निळ्या निळ्या फुला, कोणासाठी उमललास...*

आणि पुढची ओळ ओठांवर येईना. टेकडीपलीकडं ढोरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, तिकडंच कान लागून राहायचा.

काट्या लावल्यापासून बाराव्या दिवशी तिनं इळा घेतला. धुऱ्याला लागून दोन हात रुंद पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फुलावरचा जवस कापून काढला. दोन्हीकडच्या काट्या ओढून पट्टा मोकळा केला. मग टेकडीपर्यंत चालत गेली.

"वाट केली. एकेक ढोर नेजो."

पुनाजीनं येऊन पाहिलं. कापलेल्या फुलांकडं बघत उभा राहिला.

"काऊन कापला, वहिनी? मी नाई म्हटलंच नव्हतं फेऱ्याले."

ती बाजूला सरली. ढोरं एकामागे एक निघाली. वाट इतकी अरुंद, की एकही बाजूला सरू नये म्हणून पुनाजीला त्यांच्यामागं लागूनच चालावं लागलं. धुऱ्यावर टेकता काही आलं नाही. दुरूनच वळून म्हणाला, "सांजेले याच वाटेनं येतो."

रुख्माबाई कापलेला जवस गोळा करत बसली. सांज व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.