दाराकडची बाजू

न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीचं झाकण करकरलं आणि आम्ही तिघांनी धरून ठेवलेली शांतता मोडली.

मी सोफ्यावर, आमची लेक भिंगरी माझ्या मांडीवर, तिचा बाबा स्वयंपाकघराच्या दारात. आत व्हिसा कचेरीतून आलेल्या तपासनीस बाई. पातळ रबरी हातमोजे घालून त्या आमची टोपली उपसत होत्या. त्याचा पीठ माखलेला शर्ट, माझा गाऊन, माझे आतले कपडे, भिंगरीची सांडलेल्या दुधाने कडक झालेली चड्डी. एकेक चिमटीत धरून वर, उजेडाकडे, आणि परत खाली.

"बाईचे कपडे, पुरुषाचे कपडे, एकत्रच," त्या पुटपुटल्या आणि कागदावर खूण केली.

खरं तर मळक्या कपड्यांची किळस मला यायला नको. मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करते. रक्ताच्या, ओकारीच्या चादरी दिवसभर यंत्रात कोंबते, धुतलेल्या नेऊन पेशंटच्या पलंगांवर घालते आणि घरी येऊन पोटभर जेवते. पण त्या चादरी हुंगून मी कुणाचा संसार खरा की खोटा हे ठरवत नाही.

आमचं मागणं साधं होतं. नवऱ्याला इथे कायमचं राहायची परवानगी आहे, त्याची बायको म्हणून मलाही राहू द्या. माझा कामाचा व्हिसा संपत आला होता. हा अर्ज नाकारला तर मला देश सोडावा लागणार होता. मग भिंगरीला घेऊन जायचं की बाबाजवळ ठेवायचं? हा विषय आम्ही दोघंही असा टाळत होतो, जसा चालताना पायातला दुखरा काटा टाळावा.

तर आमचं लग्न खरं आहे, हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी एक सल्लागार गाठला. आपलाच माणूस म्हणून. मला तोंडभरून 'वहिनी' म्हणायचा आणि बोटाला थुंकी लावून आमच्या लग्नाचे फोटो उलटायचा. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर एक ओला ठसा.

"वहिनी, यात तुम्ही दोघं एकमेकांकडे बघतच नाही."

"लग्नात कोण बघतं? सगळे फोटोवाल्याकडे बघतात."

"मला कळतं हो. साहेब लोकांना नाही कळत." मग तो उठून सरळ झोपायच्या खोलीत गेला, पलंगावर बूड टेकलं आणि जरा उसळूनही पाहिलं. "झोपता कसे तुम्ही?"

"डोळे मिटून," नवरा म्हणाला.

सल्लागार हसला नाही. आम्ही खरं सांगितलं तेव्हा तर त्याने कपाळालाच हात लावला. नवरा बेकरीत रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. तो दार उघडतो तेव्हा मी भिंगरीचे बूट शोधत असते. ती बालवाडीत, मी कामावर आणि तो मी उठलेल्या जागी आडवा. सुट्ट्याही जुळत नाहीत. आमचं अंथरूण कधी गार पडत नाही, पण त्यात दोघं एकदम सापडणं कठीण. उशीवर त्याच्या केसांतला पावाचा वास असतो, त्यात नाक खुपसून मी झोपते. हे मी त्या माणसाला सांगितलं नाही. सांगणार कसं?

"हे पाळीचं वगैरे काढायचंच नाही," तो म्हणाला. "भाऊ खिडकीकडे, वहिनी दाराकडे. पाठ करून ठेवा. आणि दोन उशा आणा, एकसारख्या."

मी आणल्या, अगदी रंग जुळवून. आणि दुकानातून येताना माझी मलाच शिसारी आली. असलेल्या नवऱ्याचं नाटक बसवायला निघाले होते मी.

टोपलीचं झाल्यावर तपासनीस बाई झोपायच्या खोलीत आल्या. त्याच हातमोज्यांनी त्यांनी उशी उचलली.

"तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?"

"दाराकडे."

त्यांनी मान डोलावली. नवऱ्याला त्यांनी आधीच वेगळं विचारलं होतं. मग पलंगाकडे नीट पाहिलं. "यावर कुणी झोपतं का पण?"

मीही पाहिलं. सकाळच्या घाईत हात सवयीने चालले होते. रुग्णालयात घालतो तशी चादर, ताणून गच्च बसवलेली, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. पेशंट येण्याआधीचा पलंग.

त्या उकिडव्या बसल्या आणि भिंगरीकडे बघून गोड हसल्या. "बाळा, आई-बाबा कुठे झोपतात?"

"इथे," भिंगरीने पलंगावर थाप मारली. "आधी आई. मग आई उठते. मग बाबा."

नवरा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रात्रपाळीहून आल्यावर बघतो तसा, दमून.

मग मी सगळं सांगितलं. पाळ्यांचं, अंथरुणाचं, त्या सकाळच्या बुटांच्या गडबडीचं. बाजू वगैरे काही नाही, दोघंही मधोमध झोपतो, कारण कुणासाठी सरकायची वेळच येत नाही, असं म्हणाले.

"म्हणजे मघाचं उत्तर खोटं होतं."

"हो."

"मला ते लिहावं लागेल."

"लग्न खरं आहे, हेही लिहा."

"ते ठरवणारे वेगळे असतात," त्या म्हणाल्या. हातमोजे उलटे करून काढले, माझ्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि निकाल घरी येईल असं सांगून गेल्या.

दार लागल्यावर नवरा भिंतीला टेकला. "खिडकीकडे म्हणताना माझीही जीभ अडखळली गं," एवढंच म्हणाला, आणि केर पिशवीत बांधून खाली घेऊन गेला.

मी चादर ओढून काढली. अभ्रे काढले, त्यांनी हाताळलेला एकेक कपडा बादलीत टाकला आणि वर उकळतं पाणी ओतलं. वाफेत उभी राहिले तरी हातांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं.

भिंगरी येऊन माझ्या पायांना बिलगली. बराच वेळ ती बादलीत बघत होती.

"आई, त्या बाई परत आल्या तर तुम्ही कुठे झोपता म्हणून सांगू?"