चाळीस गायींचा धनी

खोटं बोलायचंच तर पडताळा येणार नाही असं बोलावं. मी, चुडामण पाटील, तेवढीही अक्कल न वापरता केनियात जाऊन चाळीस गायी बोलून आलो.

माझा मुलगा भूपेश तिकडे ठिबक सिंचनाच्या कामावर आहे. गेल्या जानेवारीत त्यानं मला बोलावून घेतलं. नजर पुरणार नाही इतकं पिवळं गवत, मधूनच छत्रीसारखी पसरलेली बाभळीची झाडं, आणि गवत असेल तिकडे गुरांमागे जाणारे मासाई. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन भूपेशमार्फत पहिलाच प्रश्न केला, "तुमची गुरं बरी आहेत ना?" बायकापोरांची चौकशी नंतर. मी शहाद्याकडचा तीस एकरांचा पपईवाला. एवढ्या भल्या माणसासमोर "गुरं नाहीत" म्हणायला जीभ रेटली नाही. "चाळीस आहेत," म्हटलं, "मजेत आहेत." म्हाताऱ्यानं असा काही मान दिला, की परतीच्या विमानात मलाच त्या गायी दिसायला लागल्या.

मग एके दिवशी भूपेशचा फोन आला. म्हाताऱ्याचा मुलगा लेमायान ठिबक शिकायला भारतात येणार होता, भूपेशबरोबरच. "आणि आप्पा, तो तुमन्या गायी देखाले ई ऱ्हायना."

माझी पाचावर धारण बसली. गावभरच्या गायी चारणारा म्हातारा सुकलाल, त्याला गाठलं. एक सकाळ तुझा कळप माझ्या बांधावर आण, कोणी विचारलं तर तू माझा सालदार गडी आणि गायी माझ्या, असं बजावलं.

"मी सांगसू आप्पा," सुकलाल म्हणाला, "पण गायी ऐकतीन का?"

लेमायान आला. उंच, जीन्सवर लाल चौकड्यांची शाल. "मोजून घ्या," मी ऐटीत म्हटलं. तो दचकलाच. भूपेशनं समजावलं, त्यांच्यात गुरं मोजणं बरं मानत नाहीत, ती ओळखायची असतात. मग लेमायाननं एका तांबड्या गायीकडे बोट केलं. हिचं नाव काय, हिची आई कोणती? मी ठोकून दिलं, लक्ष्मी. पुढची गंगा. त्यापुढची यमुना. यमुना गोऱ्हा निघाली.

अंगाशी येतंय म्हटल्यावर मी लक्ष्मीला गोंजारायला गेलो, तर तिनं शिंगं रोखली. सुकलालनं नुसतं "हो, हो" केलं आणि अख्खा कळप त्याच्याकडे वळला. लेमायान सुकलालपुढे गेला, मान वाकवून उभा राहिला. त्यांच्यात वडीलधाऱ्यासमोर तशी रीत. सुकलालनं कोणी न सांगता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी बाजूला उभा, लग्नात चुकून शिरलेल्या परक्यासारखा.

मग लेमायान माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात काही बोलला.

"आप्पा," भूपेश म्हणाला, "तो इचारी ऱ्हायना, तुमन्या गायी दुष्काळमा मरी ग्यात का?"

माझ्या पाठीमागे पपईची बाग हिरवीगार होती.

"नही."

मग रोग आला का? नाही. चोरीला गेल्या? नाही.

"मीच विकल्या," मी म्हटलं. "ट्रॅक्टरला गोठ्यात जागा पाहिजे होती." मी भूपेशकडे वळलो. "सांग ना त्याले."

"कसं सांगू, आप्पा?"

पण त्यानं सांगितलं. लेमायान हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझा हात धरला, मयताच्या घरी धरतात तसा. मागच्या दुष्काळात लेमायानच्या घरी एकच म्हातारी गाय उरली होती. भाऊबंदांनी कालवडी देऊन त्यांना उभं केलं. बाबांना सांगतो, तो म्हणाला, तुमच्या नावानं ते आमच्या कळपात एक कालवड राखतील. एकीपासून पुन्हा सुरुवात होते.

तीस एकरांच्या बागायतदाराला असं दान कोणी बोललं असतं, तर एरवी मी त्याला बांधावरून हाकललं असतं. त्या वेळी मात्र मला मनापासून लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त हाव सुटली.

"भूपेश," मी म्हटलं, "इचार त्याले, कोणता रंगनी शे?"