बुरुलायचा तास

मित्रांनो, मी एक जुने फंक्शन आहे. हसू नका. आमच्या पाणी-कचेरीची सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये साठवली आहे, त्याच्यात मी जन्मापासूनच आहे. मला बाहेरून कोणी आणून बसवलेले नाही. मला काम एकच येते. कोणी विचारले की आत्ता किती वाजले, ते सांगायचे.

बातकेनकडच्या आमच्या गावात जर्दाळूच्या साऱ्या बागा एकाच पाटावर जगतात. पाणी पाळीने मिळते. पाळी कधी बदलायची, हे पाटकरी कोझुबेक पूर्वी मलाच विचारत असे. मी सांगेन ती गावाची वेळ. "भांडायचं तर मशीनशी भांडा," असे तो लोकांना म्हणे, आणि मला भारी अभिमान वाटे.

मग ओश शहराहून एल्दियार नवा प्रोग्राम लिहायला आला. कोझुबेकला तो आमच्या रीतीने 'अके', म्हणजे दादा, म्हणे.

"अके, वेळ डेटाबेसला कशाला विचारायची? ज्याच्या त्याच्या फोनला विचारू. माझ्या प्रोग्रामच्या भाषेत त्यासाठी तयार फंक्शन आहे. उद्या डेटाबेस बदलला तरी काही अडणार नाही."

"जुन्यात काय खोट होती?"

"खोट काही नाही. जुनं आहे, एवढंच."

त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ते नवे फंक्शनही लबाड नाही. फोन सांगेल तेच ते पुढे सांगते. पण आमचे गाव सीमेवर आहे. चढावरच्या मामासालीच्या बागेत फोनला पलीकडच्या देशाचा टॉवर सापडतो आणि घड्याळ एक तास मागे जाते. इथे लग्नाला कोणी उशिरा आला की लोक विचारतात, "पलीकडच्या वेळेने निघालास काय?" एल्दियारला हे ठाऊक नव्हते. गावाला ठाऊक होते, पण फोनवर नुसते 'पाळी तुमची' एवढेच दिसे, आणि ते अजून कचेरीतूनच येते असे सगळे समजत.

मामासालीनंतर बुरुलायची पाळी. गाव तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणे. नवरा गेल्यावर तिच्याकडे उरली होती त्याने लावलेली कोवळी रोपे आणि पाण्याचा एकच तास.

"मामासाली, पाणी सोड. पाळी माझी आहे."

"एजे, हा बघा फोन. अजून माझीच दाखवतोय. तुमचं पाणी खाऊन मी कुठे फेडू?"

तो खरेच बोलत होता. त्याच्या फोनने पाळी सोडली तोवर बुरुलायचा तास सरला होता, आणि खालच्या शेतकऱ्याने आपल्या वेळेवर पाणी वळवून घेतले होते. त्यानंतर दर पाळीला हेच घडले.

कोझुबेकने ओशला फोन लावला. "माझ्याकडे तर बरोबर चालतंय, अके," एल्दियार म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिथेच होते. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, हे माझे दुर्दैव.

उन्हाळा सरत आला तेव्हा बुरुलाय कचेरीत आली.

"कोझुबेक अके, पाळीतून माझं नाव काढा. रोपं कालच तंदुरात घातली."

"एजे, पुढच्या वर्षी बघू ना."

"कोणी चोरलं असतं तर त्याला शिव्या तरी दिल्या असत्या."

मित्रांनो, जुन्याला बाजूला सारायचे तर सारा. पण तो आजवर काय सांभाळत होता, तेवढे आधी विचारा.

कोझुबेकने नाव काढले. नाव काढल्याची वेळ मात्र अजून मलाच विचारली जाते. तेवढी एक जागा बदलायची एल्दियारकडून राहून गेली होती. मी वेळ सांगितली. ती अगदी बरोबर होती.