बालिदावाचे गोल

"अरे, हा गोलकीपर प्रेक्षकांकडे तोंड करून उभा आहे!" किरुंडा खुर्चीतून अर्धा उठला. "बॉल पाठीमागून आत गेला तरी याला पत्ता नाही."

"तुझाच भाऊबंद दिसतोय," टेन्यवा म्हणाला. खोलीत हशा पिकला.

जिंजा शहराच्या वालुकुबा वस्तीत इसाबिर्येची ही गेमची खोली. दोन पडदे, चार बाकं आणि एकच नियम: जिंकला तो बसून राहणार, हरला तो उठणार. गेल्या आठवड्यात फुटबॉलचा नवा गेम आला. जाहिरातीत गवताचं पातं न पातं दिसत होतं. इथे लावल्यावर खेळाडू कमरेपर्यंत जमिनीत रुतले, पंचाला डोकंच नव्हतं आणि रंगात आलेला सामना मध्येच गोठू लागला. जिंकलं कोण हेच ठरेना, त्यामुळे उठायचं कोणी यावरून रोज भांडणं.

"इसा, जुनाच लाव की," टेन्यवा म्हणाला.

"कितीदा सांगू? नव्यानं जुना खाल्ला."

"चोर लेकाचे!"

इसाबिर्येनेही एक शिवी जोडली. कंपनीला शिव्या घालण्यात आठवडाभर तोच पुढे होता.

नव्या गेमने जुना खाल्ला नव्हता. मशीनमध्ये जागा पुरत नव्हती म्हणून इसाबिर्येने जुना स्वतःच काढला. काढताना मशीनने विचारलं होतं, तुम्ही तयार केलेले खेळाडूही पुसायचे का? नवा गेम बघायला आलेली माणसं बाहेरून दार वाजवत होती. त्याने 'हो' दाबलं. जुना गेम परत आणता आला असता. खेळाडू आले नसते.

ते खेळाडू म्हणजे वस्तीच होती. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला इसाबिर्ये गेममध्ये घडवायचा. उंची, केस, पळण्याची ढब, अंगात वालुकुबाची जर्सी. बाकीच्यांना पुन्हा घडवता आलं असतं. ते समोर बसलेले होते. बालिदावा नव्हता. तो मोटरसायकलवरून गिऱ्हाइकं नेणारा बोडावाला, दीड वर्षापूर्वी ट्रकखाली गेला. त्याला घडवताना तो शेजारी बसून सांगत होता, "पाय जरा फेंगडे कर. आमच्या म्हाताऱ्याला लांबून ओळखू यायला पाहिजे." तो गेल्यानंतर त्याचा म्हातारा, मुगोया, दर शनिवारी येऊन मुलाचा सामना बघू लागला.

आजही मुगोया आले आणि शेवटच्या बाकावर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बालिदावा कुठल्या बाजूला आहे?"

किरुंडा म्हणाला, "बाबा, तो नाहीये आता. कंपनीनं घाण केली. नवा गेम आला नि आपले सगळे गेले."

मुगोया पडद्याकडे बघत राहिले.

"ट्रकवाले पण असंच म्हणाले होते. ब्रेकनं केलं म्हणे. माणूस कुणी नव्हताच त्यात." त्यांनी मान हलवली. "असू दे. मशीनला काय विचारणार."

इसाबिर्येने पडद्याचा आवाज बंद केला.

"बाबा, कंपनीनं नाही. मी केलं."

"तू?"

"मशीननं विचारलं होतं मला. मी वाचलं, आणि हो म्हटलं. घाईत होतो."

"आणि आठवडाभर आम्हाला बोंबलायला लावलंस?" टेन्यवा म्हणाला.

"हो."

किरुंडाने कंट्रोलर खाली ठेवला. मुगोयांनी गुडघ्यावरची टोपी हातात घेतली.

"परत करता येईल?"

"चेहरा करता येईल. पण शेजारी बसून सांगायला तो नाही."

"मग नको."

ते उठतील असं सगळ्यांना वाटलं. उठले नाहीत.

"आता खरं बोलायला लागलायस म्हणून विचारतो, इसा. त्याचा दर शनिवारी एक तरी गोल व्हायचा. तो स्वतः मारायचा, की तुम्ही मारू द्यायचात?"

म्हातारा बाकावर असताना बालिदावाकडे बॉल आला की समोरचा खेळणारा बटणांवरून अंगठे उचलून घ्यायचा. असं कधी कोणी ठरवलं नव्हतं. एकमेकांत बोललंही नव्हतं.

"स्वतः मारायचा," इसाबिर्ये म्हणाला.

"मी असायचो ना समोर, बाबा," किरुंडा घाईने म्हणाला. "जीव तोडून अडवायचो. पण डाव्या पायानं असा काढायचा..." त्याने हात हवेत वळवला. "सापडायचाच नाही."

मुगोया किरुंडाकडे बघत नव्हते.

"खरं ना, इसा?"

"खरं, बाबा." या वेळी इसाबिर्येने नजर खाली जाऊ दिली नाही.

"डावाच होता त्याचा," मुगोया म्हणाले. ते उठले, टोपी घातली, आणि शेजारच्याच्या खांद्याला धरून बाकांमधून वाट काढत बाहेर गेले.

ते रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत कोणी कंट्रोलर उचलला नाही.