शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रबुद्धचा सत्कार कशेळ्यात ठरला आणि चंदरच्या पोटात दुखायला लागलं. खरं बोलायचं तर ते दुखणं जुनंच होतं.

पंधरा वर्षं दोघांची गायन पार्टी एक. लिहायचा प्रबुद्ध, गायचा चंदर. जमीन विकून बुलेट उडवणाऱ्यांवर, मतांसाठी पाया पडणाऱ्यांवर प्रबुद्धनं अशी गाणी केली की ज्यांच्यावर केली तेच वन्स मोअर द्यायचे. पण आवाज? आवाज चंदरचा! आणि पार्टीची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफायचं. म्हणजे गळा ताणायचा चंदरनं आणि टाळ्या घ्यायच्या ‘सांगे प्रबुद्ध’नं. पुढं एका सिनेमावाल्यानं प्रबुद्धला उचललं. तो संगीतकार झाला, पडद्यावर नाव झळकलं, कर्जतला फार्महाऊस झालं. चंदर रसायनीच्या कारखान्यात पाळ्या करत राहिला. जळणार नाही तर काय करणार माणूस?

या सत्काराला मात्र त्यानं ठरवलं, एक गाणं आपलं. आपल्या नावाचं. आणि तेही प्रबुद्धच्या तोंडावर, त्याचीच टोपी उडवणारं! महिनाभर लिहिलं, खोडलं. बायकोला, पौर्णिमालासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

विहारासमोरचा मांडव भरला होता. शाल पांघरलेला प्रबुद्धच म्हणाला, “आमचा चंद्या गायल्याबिगर कसला सत्कार रं?” थांब लेका, चंदर मनात म्हणाला. त्यानं पेटी पुढं ओढली.

‘काल हसलास बंगल्यांना,
आज तुझ्या दारी कुत्री दोन,
जुना दोस्त फाटकात उभा,
वाचमन इचारी, तुमी कोन?’

मांडवात हशा फुटला. प्रबुद्ध आधी चपापला, मग मांडीवर ताल धरू लागला. चंदरचा गळा पंचविशीतला झाला. शेवटचं कडवं आलं. त्यानं डोळे मिटले, हात वर केला, आणि इतकी वर्षं ज्या वाटेनं गळा गेला त्याच वाटेनं तो गेला:

‘सांगे प्रबुद्ध, ऐका सारे...’

“वा प्रबुद्धदादा! सोताचीच खेचली!” कुणीतरी ओरडलं. तेव्हा कुठं चंदरला कळलं, आपण काय गाऊन बसलो ते. त्यानं पेटीचा भाता मिटला.

प्रबुद्धनं माईक घेतला. “हे गानं माझं नाय. चंदरचं हाय.”

“केवढा मोठेपना!” म्हणत लोकांनी आणखी टाळ्या पिटल्या. प्रबुद्धनं हात जोडले, गळ्याची शपथ घेतली. जितकं नाकारलं तितका तो मोठा होत गेला. मेल्याला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही!

चंदर खाली उतरला. हसून हसून पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मन मोठं लागतं बाई, सोतावर असं लिवायला,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली.

“मी लिवलंय ते.”

“काय सांगता!”

“महिनाभर बसून लिवलंय. तुझी आन.”

तिचं हसू थांबलं. त्याचा चेहरा तिनं नीट न्याहाळला. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं.

“अवो, मग नाव त्यांचं कशाला घातलंत?”